पांढरं तळघर

पहिली बाटली परत आली तेव्हा वहिनीला वाटलं, बूच खराब असेल. शंभरात एखादं बूच कुजकं निघतंच, त्याचं कुणी फारसं मनाला लावून घेत नाही. तिनं हसून दुसरी उघडायला सांगितली. दुसरीही परत आली. तिसरी परत आली तेव्हा मात्र लांब टेबलावरच्या बाराही पाहुण्यांचं बोलणं थांबलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा असलेला शेफ आत गेला.

परत पाठवणारा माणूस कुणी उपटसुंभ नव्हता. ठिकठिकाणची वाइन चाखून त्यावर लिहिणं हाच त्याचा व्यवसाय. घरात त्याला नुसतं 'जाणकार' म्हणत. द्राक्षमळ्याला चाळीस वर्षं झाली म्हणून वहिनीच्या सासऱ्यांनी, आबांनी, त्याला मुद्दाम बोलावलं होतं. तो 'चांगली आहे' म्हणाला की वरच्या चौदा खोल्या दोन हंगाम भरलेल्या राहत, दालनातली चित्रं विकली जाऊन भिंतीवरून उतरत आणि जेवायला टेबल मिळत नसे. त्यानं गाजावाजा केला नाही. उरलेलं जेवण पाण्याबरोबर संपवलं, शेफचं कौतुक केलं, आणि बाकीचे पाहुणे कॉफी घेऊन चित्रं बघायला पांगल्यावर घरच्यांना बाजूला घेतलं.

"तुमच्या जुन्या बाटल्या अजून सुरेख आहेत," तो आबांना म्हणाला. "गेल्या चार हंगामांच्या सगळ्यांना ओल्या पुठ्ठ्याचा वास आहे. हा बुचाचा दोष नाही. तळघराचा आहे."

मग त्यानं कारणही सांगितलं. ओलं लाकूड, त्यावरची बुरशी आणि ब्लीचिंग पावडर, ही तीन एकत्र आली की हा वास जन्माला येतो. मग तो तुळयांत शिरतो, पिंपांत शिरतो, पिंपांतल्या वाइनमध्ये शिरतो. प्यायलं तर अपाय काही नाही, पण वाइनचा जीव जातो. तळघर कुणी ब्लीचनं धुतलं होतं का, असं त्यानं विचारलं.

"माझं तळघर?" थोरली नणंद अक्का म्हणाली. "गरम पाणी आणि गंधकाची धुरी. तिसरी गोष्ट त्या दारातून आत गेलेली नाही."

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की जाणकार ओशाळला. नीट तपासून घ्या, एवढंच बोलून तो गाडीत बसला आणि गेला. वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीतून गाडीकडे पाहत होता, आणि गाडी फाटकाबाहेर वळली तरी तो तिकडेच पाहत राहिला.

वहिनी म्हणजे आबांची थोरली सून. धाकट्या दिरापासून खोल्या आवरणाऱ्या बायकांपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. वरच्या खोल्या, चादरी, फुलं, पाहुण्यांचे रुसवेफुगवे हे तिचं खातं. तिचा नवरा जेवणघर आणि एकूण कारभार बघे, म्हणून भावंडांनी त्याचं नाव 'मॅनेजर' ठेवलं होतं, आणि ते चिडवणं आहे हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही. धाकटा दीर चित्रकार, दालन त्याच्याकडे. आणि तळघर, म्हणजे खरं तर सगळं घर ज्याच्यावर उभं होतं ते, अक्काकडे.

अक्का आबांची थोरली मुलगी. बारा वर्षांपूर्वी आबांनी एका पिंपातली बिघडून आंबट झालेली वाइन 'छान' म्हणून पास केली होती. चूक कळली त्याच दिवशी त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि घराला कायदा घालून दिला, की नाक गेलं की किल्ल्या ठेवायच्या, कुणी सांगायची वाट बघायची नाही. मॅनेजरनं हात पुढे केला होता. आबांनी किल्ल्या लेकीला दिल्या. मॅनेजरला ते आजतागायत पचलेलं नव्हतं.

आता जे वहिनीला आठवलं ते तीन वर्षांपूर्वीचं. अक्काचा नवरा पिंपं बांधणारा कारागीर होता, या घरातली निम्मी पिंपं त्याच्या हातची. तो दवाखान्यात पडला आणि अक्का चाळीस दिवस त्याच्या उशाशी बसून राहिली. नेमकं त्याच वेळी चित्रकाराचं पहिलं मोठं प्रदर्शन ठरलं. दालन दुरुस्तीला निघालेलं, जागा नव्हती. तेव्हा मॅनेजर म्हणाला, तळघरात लावू, असं कुणी केलं नसेल.

तळघराच्या भिंतींवर वर्षानुवर्षांची काळी बुरशी होती. आबा म्हणत, ती असू द्या, ती ओल धरून ठेवते. पण काळ्या भिंतीवर चित्र कसं दिसणार, आणि पाहुण्याच्या कपड्यांना ते काळं लागलं तर? वहिनी स्वच्छतेची भोक्ती. चादरीवर सुरकुती दिसली की तिला रात्री झोप लागत नसे. तिनं चार दिवस माणसं लावून भिंती, तुळया, पिंपांखालच्या फळ्या, सगळं ब्लीचनं घासून घेतलं. पावडरीचे ड्रम मॅनेजरनं स्वतः आणून दिले. आठवडाभर दारं उघडी टाकून वारं खेळवलं. चित्रकार बाहेरगावी चौकटी बनवून घेत होता, आबांना जिने उतरवत नव्हते. प्रदर्शन फार गाजलं. पांढऱ्या भिंतींचे फोटो छापून आले.

अक्का नवऱ्याला स्मशानात पोचवून परत आली आणि भिंती पाहून दारातच थबकली. काय लावलंत, असं तिनं विचारलं. वहिनीला तेव्हा त्या भकास चेहऱ्यासमोर खरं सांगवेना. ती म्हणाली, चुना. चुना चालतो, असं म्हणून अक्का पिंपांकडे वळली. एवढंच झालं होतं. त्या 'चुन्या'त वाईट हेतू नव्हता, दुखावलेल्या माणसाला आणखी काही नको, इतकंच होतं. पण खोटं ते खोटं, आणि तीन वर्षांत त्याची आठवणही वहिनीला आली नव्हती.

पाहुणे वर विश्रांतीला गेल्यावर आबांनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. टेबल अजून आवरलं नव्हतं. पांढऱ्या कापडावर पेल्यांचे लाल डाग होते, आणि बाहेर आभाळ असं दाटलं होतं की दुपारीच दिवे लावावे लागले. भिंतीवरून चित्रकाराची मोठमोठी चित्रं खाली बघत होती. स्वयंपाकघरातून ताटं घासल्याचा आवाज येत होता. तो शेफनं मध्येच थांबवला, त्यामुळे उलट जास्तच अवघडल्यासारखं झालं.

सुरुवात मॅनेजरनं केली. तो फार समजूतदारपणे बोलत होता, आणि तो समजूतदारपणे बोलायला लागला की वहिनीला नेहमी भीती वाटे. त्याचं म्हणणं असं की दोष कसा आला हा प्रश्न नंतरचा. चार हंगाम एक माणूस त्या पिंपांतून रोज चाखतो आणि त्याला काही कळत नाही, हा प्रश्न आधीचा. तो अक्काचं नाव घेत नव्हता. 'एक माणूस' म्हणत होता.

"अरे, पण आपल्यापैकी कुणाला कळलं?" चित्रकार म्हणाला. "मी तर रोज जेवताना तीच पितो."

"तू रंगाच्या वासात राहतोस. तुझं नाक कोण जमेस धरतंय?"

चित्रकार हसला नाही. तो अक्काच्या बाजूला जाऊन बसला होता आणि त्यानं खुर्ची थोडी तिच्याकडे सरकवली. दोन वर्षांचा असताना आई गेली, त्याला अक्कानंच वाढवलं. वहिनीला वाटलं, चला, एक तरी तिच्या बाजूला आहे. आपण बोलायला नको कदाचित, हे आपोआप मिटेल.

आबांनी मिटवलं नाही. ते ब्याऐंशी वर्षांचे होते आणि त्यांना फक्त एकाच प्रकारचा न्याय माहीत होता, जो त्यांनी स्वतःला लावला होता तो. त्यांनी शेफला तीन पेले भरून आणायला सांगितलं. दोन आपल्या तळघरातले आणि एक शेजारच्या मळ्यातला, कुठला कोणता ते फक्त शेफला ठाऊक.

"नाक ठीक असलं तर शेजारचा कुठला ते सांगशील," आबा म्हणाले. "नाहीतर काय करायचं ते तुला माहीत आहे."

अक्कानं पेले जवळ ओढले. पहिला फिरवला, वास घेतला, घोट तोंडात घोळवून थुंकला. दुसरा. तिसरा. पुन्हा पहिला. एरवी ही बाई पेल्यात नाक घालायचा अवकाश, कुठल्या उतारावरची द्राक्षं आणि कुठल्या पिंपाची हे सांगून मोकळी व्हायची. आज ती किती वेळ बसली होती. मध्येच तिनं दुसऱ्या पेल्यावर बोट ठेवलं, तोंड उघडलं, आणि बोट उचलून घेतलं. वहिनीला तो अर्धा क्षण स्पष्ट दिसला. त्याचा अर्थ तेव्हा तिला कळला नाही.

"मला नाही सांगता येत," अक्का म्हणाली.

आबांनी डोळे मिटले. जाणकार तर म्हणाला होता की तळघराचाच दोष आहे. पण इथे परीक्षा माणसाची चालली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर इथेच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हातरुमाल चुरगाळत बसला होता. वहिनीनं पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. या वेळी त्यानं तिची नजर टाळली नाही. डोळ्यांनीच त्यानं सांगितलं, गप्प बस. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, एवढं कळायला शब्द लागत नव्हते.

मग मॅनेजरनं मनातलं बाहेर काढलं, आणि ते इतकं तयार होतं की आज सुचलेलं नव्हतं हे आंधळ्यालाही कळलं असतं. वाइन बनवणं थांबवावं. द्राक्षं विकावीत. जेवणाबरोबर द्यायला बाहेरून उत्तम माल घेता येतो, लोक इथं राहायला, जेवायला, चित्रं बघायला येतात, तळघरात कोण काय घोळतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. तळघर रिकामं करून त्याचं खास जेवणघर करावं आणि भोवती भिंतींवर कायमची चित्रं लावावीत. शेवटचं वाक्य त्यानं चित्रकाराकडे बघून म्हटलं. अक्कानं आता आराम करावा, कोपऱ्यातली मळ्याकडची खोली तिला कायमची देऊ.

"कायमची?" चित्रकारानं विचारलं. तो खोलीबद्दल विचारत नव्हता.

"कायमची. तुझ्या नावानं. ते प्रदर्शन आठव. त्या जागेत तुझी चित्रं दिसली तशी वर दालनात कधी दिसली का?"

चित्रकार अक्काकडे न बघता टेबलावरच्या डागाकडे बघत म्हणाला की अक्कानं खूप वर्षं ओझं वाहिलं, खरंच तिला विश्रांती मिळायला हवी. खुर्ची त्यानं हलवली नाही. पण अंग जरा मागे घेतलं, आणि एवढ्यानं अक्का त्या मोठ्या टेबलाशी एकटी पडली. वहिनीला त्याचा राग आला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. त्यानं तर निदान तोंड उघडून बेइमानी केली होती.

अक्कानं वाद घातला नाही. एरवी चादरी वाळत घालायच्या दोरीवरून दोन दिवस भांडणारी ही बाई. या दोघी नणंदा-भावजयांचं कधी फारसं गूळपीठ नव्हतं. 'तुमच्या खोल्या आणि आमचं तळघर' अशी वाटणी करूनच बारा वर्षं निघाली होती. तिनं कमरेचा जुडगा सोडला. मोठी लोखंडी किल्ली तळघराची, दोन लहान कपाटांच्या, एक बाटल्यांच्या कोठाराची. तिनं तो आबांसमोर ठेवला, आवाज होऊ नये म्हणून हळूच. मग ती वळून वहिनीकडे बघून बोलली.

"माफ कर गं. इतकी मेहनत करून तू आजचं जेवण मांडलंस, आणि माझ्यामुळे तुझी पाहुण्यांसमोर मान खाली गेली."

भांडली असती तर वहिनी गप्प राहिली असती. आरोप केला असता, तर नवऱ्याच्या मागे लपून तिनं उलट चार शब्द सुनावलेही असते. पण ही माफी तिला सहन झाली नाही.

"चुना नव्हता तो," ती म्हणाली.

"काय?" आबांनी विचारलं.

"तळघराच्या भिंतींना. चुना नव्हता. ब्लीच होतं. मी घासून घेतलं सगळं, तुळयासुद्धा. अक्का दवाखान्यात होत्या तेव्हा. मी त्यांना चुना म्हणून सांगितलं."

"ती आता काहीतरी मनानं—" मॅनेजरनं सुरुवात केली.

"पावडर तुम्हीच आणून दिलीत," वहिनी त्याला म्हणाली. "पाच ड्रम. मागच्या दारानं."

मॅनेजरचा चेहरा उतरला. चित्रकारानं मान वर करून भिंतीवरच्या आपल्याच चित्रांकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच दिसत होती. आबांना सगळं ऐकू गेलं होतं, पण म्हाताऱ्या माणसाला एखादी गोष्ट आत उतरायला वेळ लागतो. मग त्यांनी थोरल्या मुलाकडे असं पाहिलं की तो खुर्चीतून उठून खिडकीशी गेला, आणि आबांनी जुडगा बोटानं अक्काच्या दिशेनं परत ढकलला.

वहिनीला वाटलं होतं, आता अक्का ओरडेल. त्याची तिनं तयारी केली होती, कदाचित ती वाटही बघत होती. दोन थोबाडीत बसल्या असत्या तरी तिला बरं वाटलं असतं. अक्का ओरडली नाही. तिनं पेल्यांकडे बोट केलं आणि शेफला हाक मारून विचारलं, यातला शेजारचा कुठला.

"दुसरा," शेफ म्हणाला.

"दुसराच," अक्का म्हणाली. "मला कळलं होतं. पहिला आणि तिसरा मुके होते. मी म्हणणारच होते."

"मग का नाही म्हणालीस?" आबांनी विचारलं.

"कारण मला तीन वर्षं सगळंच मुकं लागतंय, आबा. म्हटलं, हे माझंच आहे. दुसराच तेवढा खरा कसा लागेल, मीच काहीतरी कल्पना करत असेन." मग ती वहिनीला म्हणाली, "तुला सांगितलं होतं मी. हे गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी. वरच्या गच्चीवर आपण चादरींच्या घड्या घालत होतो. मी म्हटलं, पिंपातली वाइन तोंडात घेते आणि काही म्हणजे काही लागत नाही गं, फळ लागत नाही, लाकूड लागत नाही, यांच्याबरोबर माझी जीभ पण गेली की काय. तू काय म्हणालीस आठवतं?"

वहिनीला आठवलं. आत्ता, या क्षणी, शब्दन् शब्द आठवला. दुःखात असंच होतं अक्का, असं ती म्हणाली होती. धीर धरा, चव परत येते. आणि मनापासून म्हणाली होती. त्या दिवशी पहिल्यांदा ही खट नणंद आपल्याजवळ काही बोलली म्हणून ती सुखावलीही होती, आणि जाताना अक्कानं तिच्या हातावर हात ठेवला होता.

"मी धीर धरला," अक्का म्हणाली. "रोज सकाळी खाली जायचे, पहिल्या पिंपातून घोट घ्यायचे, काही लागायचं नाही. मग यांनी बांधलेल्या पिंपाला टेकून बसायचे आणि रडायचे. म्हणायचे, माणूस गेलं की असं होतं. आपण किती जीव लावला होता, म्हणून असं होतंय. मला त्यात बरं वाटायचं गं."

"अक्का, मला—"

"थांब. मला एवढंच सांग." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "त्यातलं यांच्यासाठी किती होतं आणि तुझ्या ब्लीचसाठी किती, हे मला आता कोण सांगणार?"

आबा लेकीचा हात शोधत होते आणि तो त्यांना सापडत नव्हता. अक्कानं जुडगा उचलला, कमरेला अडकवला आणि उठली. ती म्हणाली की वरच्या पाहुण्यांना रात्री जुन्या बाटल्या द्या, त्या चांगल्या आहेत. खालची पिंपं आजच रिकामी करायला हवीत, मग फोडायला. वहिनी तिच्यामागे निघाली. मला येऊ द्या, मी हातानं करते, असं काहीतरी ती म्हणत होती.

"नको," अक्का दारातून म्हणाली. "तू वर चादरी बघ."

जिन्यावर तिची पावलं खाली गेली आणि तळघराचं दार आतून लागलं. मॅनेजर खिडकीशीच उभा होता. एवढं सगळं बोलायची काय गरज होती, असं तो हलक्या आवाजात म्हणाला, आणि वहिनीनं पहिल्यांदाच त्याला उत्तर दिलं नाही. तिनं टेबलावरचा दुसरा, शेजारच्या मळ्याचा पेला उचलून एक घोट घेतला. मग पहिल्यातला घेतला. एकवीस वर्षं ती या घरात राहत होती, आणि दोन्ही तिला सारखेच लागले.